एकतीस दुपारी आणि एक मुकं खोकं

जोडणीमास्तरांना सगळे मास्तर म्हणत, पण त्यांनी आयुष्यात कुणाला एक अक्षर शिकवलेलं नव्हतं. टेलिफोन खात्यात जमिनीखालच्या केबली जोडायच्या, हे त्यांचं काम. रस्त्यात खड्डा, खड्ड्यात मास्तर, आणि वरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायची ती नुसती टोपी. एका जाड केबलीच्या पोटात तारांच्या शेकडो जोड्या असत, प्रत्येक तारेवर वेगळ्या रंगाचं कातडं. या टोकाची निळी त्या टोकाच्या निळीला, नारिंगी नारिंगीला. "रंगाला रंग लावा आणि घरी जेवायला जा," एवढंच त्यांचं शास्त्र. चाळीस वर्षं त्यांनी ते पाळलं.

न पाळणाऱ्याचं काय होतं, तेही ऐकून ठेवा. एका दुसऱ्या जोडाऱ्याने एकदा निळी नारिंगीला लावली, आणि डॉक्टरांची लाइन लाकडाच्या वखारीत गेली. एका बाईंनी फोन केला, "पाय फार त्रास देतोय हो, काय करू?" वखारवाला म्हणाला, "किती फुटी आहे? आणा, कापून देतो." ती बाई पुढे जन्मभर डॉक्टरकडे गेली नाही म्हणतात. निस्तरायला अर्थातच आपल्या मास्तरांना खड्ड्यात उतरावं लागलं.

जोडणी झाली की ती तपासायची. मास्तर खड्ड्यातूनच हातातला फोन तारेला लावत आणि विचारत, "ऐकू येतंय का?" दुसऱ्या टोकाला, एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरबाई सांगत, "येतंय. बोला." पहिली दोन वर्षं त्यांनी त्या बाईंना पाहिलंसुद्धा नव्हतं. एकदा बाईंनीच विचारलं, "लाइन रोज चांगलीच असते, आणखी काही बोलायचंय का?" मास्तर गडबडून म्हणाले, "नाही, लाइन चांगली आहे." मग लग्नाचं विचारायला त्यांना आणखी सहा महिने लागले. बाई म्हणत, "माझं नशीब, खड्डा जवळचा होता. लांबचा असता तर म्हातारी झाले असते."

अशी बोलकी बाई. आणि दुखणं आलं ते नेमकं घशाला. डॉक्टर म्हणाले, आवाजाची पेटी काढावी लागेल, महिनाभराने ऑपरेशन. त्या महिन्यात बाई रोज दुपारी जेवणं आटोपली की कॉम्प्युटरच्या खोलीचं दार आतून लावून घ्यायच्या. मास्तर बाहेरून विचारायचे, "काय चाललंय?"

"तुमचंच काम करतेय. नंतर ऐका."

एकतीस दुपारी त्या बोलल्या. जे बोलल्या ते सगळं रेकॉर्ड करून त्या पांढऱ्या खोक्यात ठेवलं. चपलांच्या कपाटावर वायफायच्या शेजारी बसलेलं, निळा दिवा लुकलुकवणारं खोकं. त्याच्या पोटात एक डिस्क. घरातले फोटो, कागद, गाणी सगळं त्यात जायचं आणि घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून बघता यायचं. लेकीने कधीतरी आणून दिलेलं.

ऑपरेशननंतर बाई आठ महिने पाटीवर लिहून बोलल्या. एकदा त्यांनी लिहिलं, "ऐकलंत का?" मास्तर म्हणाले, "तू समोर बसलीयेस की! समोरच्या माणसाचं रेकॉर्डिंग कोण ऐकतं?" बाईंनी पाटी बाहीने पुसली. ती पुसलेली पाटी मास्तरांच्या मनातून नंतर काही केल्या पुसली गेली नाही.

बाई गेल्या. मग घरात आवाज उरला तो फ्रिजचा. जुना टेलिफोन भिंतीवर होता, त्यावर कुणी फोन करत नसे. मास्तर रोज दुपारी तो उचलत, कानाला लावत, आतली एकसुरी घूंऽऽ ऐकत आणि ठेवून देत. लाइन चांगली आहे, एवढी खात्री करून घ्यायची. रविवारी लेक परदेशातून मोबाइलवर तोंड दाखवायची. "बाबा, शर्टाचं दुसरं बटण कुठंय?" दर रविवारी तोच प्रश्न. "आहे कुठेतरी," दर रविवारी तेच उत्तर.

वर्ष झालं त्या दुपारी मास्तरांनी मनाचा हिय्या केला. कॉम्प्युटरच्या खोलीचं दार आतून लावलं, घरात दुसरं कुणी नसताना, आणि खोकं उघडायला गेले. पडद्यावर आलं, ‘ही सेवा बंद झाली आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.’

"सहकार्य कसलं?" मास्तर ओरडले. "मी काहीच केलेलं नाही!"

भानगड अशी, की खोक्याची कंपनी बंद पडली होती आणि खोकं उघडायची परवानगी दर वेळी कंपनीकडून यायची. घर आपलं, कुलूप आपलं, पण किल्ली घेऊन कारभारी पळालेला. मास्तरांनी डिस्क बाहेर काढली आणि थेट कॉम्प्युटरला जोडली. कॉम्प्युटर म्हणाला, ‘ही डिस्क वाचता येत नाही. फॉरमॅट करायची का?’ म्हणजे सगळं पुसू का, असं तो अगदी सभ्यपणे विचारत होता. मास्तरांचं बोट ‘हो’वर गेलेलं होतं. पुसलेली पाटी डोळ्यांपुढे आली म्हणून वाचले. त्यांनी वायर खेचून काढली, आणि पाणी प्यायले तर अर्धं शर्टावर.

लेक म्हणाली, "बाबा, जुनं झालंय ते. फेकून द्या, नवीन पाठवते."

"बघू," मास्तर म्हणाले. आत काय आहे ते त्यांनी तिला सांगितलं नाही. एकदा ऐकलं नाही, आणि आता हरवलं, हे लेकीला कुठल्या तोंडाने सांगणार?

इंटरनेटवर अशा बंद पडलेल्या खोक्यांवर जीव टाकणाऱ्यांची एक जागा होती. तिथे ‘घुबड’ नाव लावलेलं कुणीतरी उत्तरं देत असे. घुबडाने लिहिलं, ‘तुमचं खोकं ज्या पद्धतीने डिस्कवर लिहितं, ते साध्या कॉम्प्युटरला वाचता येत नाही. खोक्यातच लिनक्स टाका.’ लिनक्स म्हणजे यंत्राचा नवा कारभारी, कुणा एका कंपनीचा नोकर नसलेला, जगभरच्या लोकांनी मिळून बांधलेला आणि फुकट वाटलेला. ‘तो पेनड्राइव्हवर बसवा. आणि बसवताना जुनी डिस्क खोक्यात ठेवू नका. चुकून तिच्यावर बसवलात तर आतलं सगळं गेलं.’

मास्तरांनी डिस्क बाईंच्या लोकरी टोपीत गुंडाळून उशीपाशी ठेवली.

खोक्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. त्याच्याशी बोलायचं तर झाकण उघडून आतल्या बारीक खिळ्यांना तारा लावायच्या आणि त्या कॉम्प्युटरला जोडायच्या. एक खिळा बोलायचा, एक ऐकायचा, एक जमिनीचा, म्हणजे अर्थिंगचा. चौथा विजेचा, त्याला हात लावायचा नाही. मास्तर खूश! तारा म्हणजे घरचं काम. भिंग लावलं, तारा सोलल्या, बोलायच्या खिळ्याला बोलायची तार, ऐकायच्याला ऐकायची, कथलाचे टाके असे की खात्याच्या साहेबांनी पाठ थोपटावी. खोकं चालू केलं. पडदा काळा.

तीन दिवस काळा. मास्तरांनी टाके उकलले, पुन्हा घातले. कॉम्प्युटर बदलून पाहिला. चौथ्या दिवशी घुबडाने विचारलं, ‘काही दिसलं?’

‘अंधार.’

‘तारा कशा लावल्यात?’

‘नावाला नाव. चाळीस वर्षं तारा जोडल्यात, ते मला शिकवू नका.’

‘कुठे जोडत होतात?’

‘टेलिफोन खात्यात.’

जरा वेळाने उत्तर आलं. ‘मग घरचा टेलिफोन उचला आणि बघा. तुम्ही बोलता ते समोरच्याच्या तोंडात जातं की कानात?’

मास्तर उठले. भिंतीवरचा टेलिफोन उचलला. घूंऽऽ आवाज येत राहिला, पण आज ते ऐकत नव्हते, हातातल्या फोनकडे बघत होते. एका टोकाला तोंड, एका टोकाला कान. त्यांनी खोक्याचं तोंड कॉम्प्युटरच्या तोंडाला शिवलं होतं आणि कान कानाला. तीन दिवस दोघं एकमेकांच्या तोंडात बोलत होती आणि ऐकत कुणीच नव्हतं.

‘घुबडराव, मी गाढव आहे,’ त्यांनी लिहिलं.

‘मी बाई आहे. गाढवाचं तुमचं तुम्ही बघा.’

मास्तर वर्षात पहिल्यांदा मोठ्याने हसले आणि आपल्याच हसण्याने दचकले.

तारांची अदलाबदल केली, आणि काळ्या पडद्यावर अक्षरांची मुंगळ्यांसारखी रांग लागली. खोकं बोलत होतं! पण ते उलटी मोजणी करायचं, तीन, दोन, एक, आणि तेवढ्यात कळ दाबली तर थांबायचं. नाहीतर निघालं जुन्याच वाटेने. मास्तरांची बोटं म्हातारी. भिंग खाली ठेवून कळ शोधेपर्यंत खोकं पुढे गेलेलं. "अरे, थांब की जरा," ते त्याला म्हणाले. यंत्र कुणासाठी थांबत नाही. पाचव्या वेळी त्यांनी बोट आधीच कळीवर टेकवून ठेवलं आणि मग वीज सोडली. थांबलं.

मग नव्या कारभाऱ्याचे प्रश्न सुरू झाले. भाषा कोणती, घड्याळ कुठलं, यंत्राचं नाव काय ठेवायचं? नाव विचारलं तिथे मास्तरांनी भिंग उचललं. मग एकेक अक्षर शोधत टाइप केलं, ऑपरेटर. दोन दुपारी तो कारभारी पेनड्राइव्हवर आपलं बिऱ्हाड थाटत होता. सगळं लागल्यावर मास्तरांनी खोकं बंद केलं, टोपीतून डिस्क काढून आत बसवली, घुबडबाईंनी सांगितलेली ओळ लिहिली. एक अक्षर चुकलं, चूक दाखवली गेली. पुन्हा लिहिली. आणि पडद्यावर एकाखाली एक नावं आली, एक ते एकतीस.

मास्तरांनी पहिली लावली.

खुर्ची सरकल्याचा आवाज. श्वास. मग, "ऐकू येतंय का?"

"येतंय. बोला," मास्तर म्हणून गेले. म्हटल्यावर त्यांना कळलं की हे वाक्य त्यांचं नव्हतं. चाळीस वर्षं ते तिचं होतं.

"हं, तर ऐका. रडायचं नाही, कामाचं बोलायचंय. शर्टाचं दुसरं बटण पडलेलंच असणार तुमचं." मास्तरांचा हात छातीवर गेला. "कपाटाच्या वरच्या फळीवर, चादरींच्या मागे निळा डबा आहे. उठा, घेऊन या. मी थांबते."

आणि नुसती घड्याळाची टिकटिक. त्या खरंच थांबल्या होत्या.

मास्तर उठले. पण या वर्षात गुडघ्याने फारच दगा दिला होता. स्टूल ओढलं, भिंतीला धरून चढले, चादरी बाजूला केल्या. डबा होता. आत बटणं, आणि एका कापडाला टोचलेल्या वीस सुया, प्रत्येकीत पांढरा दोरा आधीच ओवलेला. मास्तरांना सुई ओवता येत नसे.

ते डबा घेऊन परत आले तेव्हा बाई पुढे गेलेल्या होत्या. "आणि गाठ दोनदा मारा. झालं. उद्या पाण्याच्या टाकीचं सांगते." टक्. संपलं.

मास्तरांच्या चालीचा बाईंनी बरोबर हिशोब केला होता. पण ती तेव्हाची चाल होती.

मास्तर स्टूल जागच्या जागी ठेवून आले. मग खुर्चीत बसले, डबा मांडीवर घेतला आणि फाईल पहिल्यापासून लावली. या वेळी उठले नाहीत. "मी थांबते," त्या म्हणाल्या, आणि मास्तरही थांबले. टिकटिक. एकदा बारीक खोकला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं, पावणेदोन वर्षांपूर्वी.

"सापडला?"

"सापडला," मास्तर म्हणाले.

"धावत आलात ना? गुडघा सांभाळा."

बटण त्यांनी त्याच दुपारी लावलं, गाठ दोनदा मारली. दुसरी फाईल लावली नाही. ती ‘उद्या’ म्हणाली होती.