आखाजीची एकाहत्तर मतं

भागीरथीबाईवर मी एक वर्ष राग धरून होतो, आणि तो राग सगळाच चुकीचा होता असं मला आजही म्हणता येत नाही. तिच्याबद्दल लिहायचं तर हे आधी सांगून टाकलेलं बरं.

ती अमळनेरकडची. नवरा छगन लूमच्या कारखान्यात बारा तासांची पाळी करायचा आणि ती त्याच कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. आमची वस्ती सुरतेच्या टोकाला, डिंडोलीच्या वाटेवर, खाडीच्या अलीकडे. खाडीपलीकडे डांबरी रस्ता, दवाखाना, शाळा, स्मशान. म्हणजे जगायला आणि मरायलाही खाडी ओलांडायची. उन्हाळ्यात ती चपला हातात घेऊन ओलांडता यायची. पावसाळ्यात ती कुणाचंच ऐकायची नाही.

मी नागनाथ, नांदेडकडचा, रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला. वस्तीत सातवी पास झालेला मी एकटा, म्हणून पुलासाठीचे सगळे अर्ज माझ्या गळ्यात. सहा वर्षांत नऊ अर्ज लिहिले. कचेरीतला साहेब दर वेळी म्हणायचा, "थई जशे." होऊन जाईल. त्या थई जशेमध्येच वस्तीतल्या दगाची बायको बाळंतपणात अडून, खाटेवर पडल्या पडल्या खाडीकाठी गेली. दगा तिचं पातळ घडी करून उशाला घेऊन झोपायचा.

तिच्या तेराव्याला भागीरथीबाई सगळ्या पुरुषांसमोर उठून म्हणाली, "अर्ज लिखीसन काय व्हस? आपला मानूस तठे बसाडा!" नगरपालिकेत आपला माणूस बसवायचा, म्हणजे पूल होईल. असं आमचं खाडीपार नागरिक मंडळ निघालं. कुठल्याच पक्षाचं नाही, कुणाच्या बापाचं नाही. खानदेशी घरं, आमची बौद्ध घरं, सगळी एकत्र.

तीन वर्षांनी, म्हणजे १९७३ला, आमच्या वॉर्डाचा सभासद वारला आणि पोटनिवडणूक लागली. आम्ही सुकलाल मिस्त्रीला उभं केलं. लूम दुरुस्त करणारा, सरळ माणूस, भाषण करताना मात्र त्याचे पाय लटलट कापायचे. चिन्ह मिळालं शिडी. "पूल नही तं शिडी लाईसन जासूत," असं म्हणत भागीरथीबाई दारोदार फिरली. त्याआधी मतदारांची नावं लिहायला माणूस आला, तेव्हा निम्म्या बायका नवऱ्याचं नाव तोंडातून काढायला तयार नव्हत्या. हिनं प्रत्येकीच्या नवऱ्याचं नाव खडाखड सांगितलं. फक्त छगनचं नाव सांगायची वेळ आली तेव्हा पदर तोंडाला लावून शेजारणीला पुढे ढकललं. त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो.

तिला घाई होती. तिची एकुलती एक लेक प्रमिला, नंदुरबारजवळच्या खेड्यात दिलेली, पहिलटकरीण होती. बाळंतपण माहेरी, श्रावणाच्या सुरुवातीला. पूल काही दोन-तीन महिन्यांत होत नाही, हे तिलाही कळत होतं. पण आपला माणूस निवडून आला तर पावसाळ्यापुरता लाकडी साकव तरी टाकून देईल, एवढाच तिचा हिशोब होता. सुकलालनं तसा शब्दही दिला होता.

मतदानाची तारीख मीच वाचून दाखवली. सहा मे. सगळ्यांनी माना डोलावल्या. आदल्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आमच्याकडे तो सण नाही, आमची लगबग वैशाखी पौर्णिमेची. आणि खानदेशी पुरुषांना तिथी आठवते ती बायकोनं गाठोडं बांधायला घेतलं की.

आठवड्याआधी गाठोडी बांधायला घेतली गेली. आखाजीला खानदेशातली लेक माहेरी जाते. झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, सांजोऱ्या तळतात, आणि वर्षभर सासरी गिळलेलं सगळं आईपाशी ओकून टाकतात. मी यादी काढली. जाणाऱ्या बायका एकाहत्तर.  यादी घेऊन तडक भागीरथीबाईकडे गेलो.

"दोन दिवस थांबवा त्यांना. तुमचं ऐकतील. मत टाकून सोमवारी जाऊ द्या."

ती चुलीपुढे बसली होती. प्रमिला आदल्याच दिवशी आली होती, आता बाळंतपणापर्यंत इथेच राहणार होती. आईच्या पाठीला पाठ लावून ती चिंचा खात होती.

"सन व्हई जावावर माहेर जाईसन काय करतीन, नागनाथभाऊ?" भागीरथीबाई म्हणाली. "आखाजीले आंडेर उनी नही तं माय दारमा बशीसन रडस. मनी आंडेर मना घर उनी. आन मी दुसरीसले कसं सांगू, तुम्ही जाऊ नका म्हनीसन?" आंडेर म्हणजे लेक. तिची घरी आली होती, दुसऱ्यांच्या लेकी ती कशा अडवणार?

"मग पुलाचं काय?"

"माणसं शेतच ना!" म्हणजे मत टाकायला पुरुष आहेतच की.

सुकलालही तसाच. बायकांच्या मतांवाचून अडत नाही म्हणाला. मिशीला पीळ देऊन म्हणाला, त्यामुळे मला जास्त संताप आला. मी यादी तिथेच टाकून निघून आलो. तिनं ती उचलून फडताळात ठेवली, हे मला नंतर कळलं.

भुसावळकडच्या गाडीनं एकाहत्तर बायका गेल्या. भागीरथीबाई स्वतः गेली नाही. ती आणि आमच्या बौद्ध घरातल्या बायका उन्हात रांगेला उभ्या राहिल्या. आम्ही तेवीस मतांनी पडलो.

निवडून आलेला माणूस खाडीकडे फिरकला नाही. साकव झाला नाही. मग प्रमिलाला आषाढ सरता सरता पलीकडे सुकलालच्या ओळखीच्या घरी ठेवायचं ठरलं. पण आषाढाच्या दुसऱ्याच आठवड्यात, दिवस भरायच्या आधी, सकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. तीन दिवस पाऊस कोसळत होता. माझी बायको मीराबाई वस्तीतली बाळंतपणं करायची. तिनं हात लावून पाहिलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मूल आडवं होतं.

आम्ही प्रमिलाला खाटेवर घेतलं, खाटेला दोर बांधले. सुकलाल छातीइतक्या पाण्यात उतरला आणि वाहून जाता जाता दोराला धरून परत आला. पलीकडे रिक्षा उभी होती. रिक्षावाला अधूनमधून हॉर्न वाजवत होता. आम्ही इथे आहोत हे त्याला दिसत होतं, त्याला काय करावं हे कळत नव्हतं. आम्हालाही कळत नव्हतं. पाणी उतरायची वाट बघत आम्ही खाटेवर घोंगडी धरून उभे राहिलो.

प्रमिला आधी ओरडत होती, मग नुसती आईचं बोट धरून होती. दुपारी तीनच्या सुमारास ती गेली. मूल पोटातच राहिलं. संध्याकाळी पाणी कमरेपर्यंत उतरलं, तेव्हा त्याच खाटेवरून आम्ही तिला पलीकडे नेलं. स्मशान पलीकडेच होतं.

आणि मी काय केलं? खांदा देताना मनात म्हटलं, भागीरथीबाईनंच हिला घालवलं. तिथे, त्या चिखलात, मी हेच म्हटलं. तोंडानं बोललो नाही एवढंच. नंतर तिच्या दारावरून जाताना मी मान वळवायला लागलो. मीराबाई एकदा म्हणाली, "तुमच्यात माणूस आहे की नाही?" 

पुढच्या वर्षी आखाजी आली. चार दिवस आधी बघतो तर भागीरथीबाईच्या दारात बायकांची गर्दी. मी कुडाआड थांबलो. गेल्या वर्षी माहेरी गेलेल्यांतली आनंदी सगळ्यांच्या वतीनं बोलत होती. 

"मोठी माय, औंदा आम्ही कोन्हीच जाणार नही. आम्ही गयूत म्हनीसन तुमनी प्रमिला गयी. आते आम्ले माहेर नको."

 भागीरथीबाई उठली, फडताळातून माझी यादी काढली. तिला वाचता येत नव्हतं. कागद नुसता समोर धरून म्हणाली, "आठे एकाहत्तर नावं शेत. एकाहत्तर माया वाट देखी राहिन्यात. मना दारले आते कोन्ही येवाव नही. म्हनीसन तुम्ही तुमनी मायले रडावशात का? जा! गाठोडं बांधा!"

कुणीच हलेना. तेव्हा ती स्वतः आनंदीच्या घरात शिरली आणि तिची लुगडी चादरीत टाकून गाठ मारायला लागली. तिच्या हातांना ती गाठ बसेना. मी कुडाआडून पुढे झालो, तिच्या हातातून गाठोडं घेतलं, बांधलं, डोक्यावर घेतलं आणि कोरड्या खाडीतून पलीकडे चालायला लागलो.