कुऱ्हाडीचे मालक

आमचे मालक छावणीतल्या लाकडाच्या वखारीत ओंडके फोडायचे. सगळी उमर त्यातच गेली. हॉटेलांच्या भट्ट्या, लग्नाची चुलाणं, हिवाळ्यात घरोघरचे बंब, सगळ्यांना ह्यांच्या हातच्या ढलप्या लागायच्या. पुढं वखार मोडली. तिथं आता गाड्या धुतात. कुऱ्हाड तेवढी ह्यांनी घरी आणली. जड पातं, बाभळीचा दांडा. मला म्हणाले, "हिला हात लावायचा नाय." जशी काय मी ती पळवून माहेरी सिल्लोडला नेणार होते!

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगते. आणि आमची सगळ्यात जास्त भांडणं ह्या कुऱ्हाडीवरनंच झाली. दांडा उन्हात वाळून आकसतो, मग पातं हलायला लागतं. त्यावर ह्यांचा उपाय एकच, कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवायची. लाकूड फुगतं आणि पातं घट्ट धरून बसतं. आता आमच्याकडं नळाला पाणी येतं आठ-आठ दिवसांनी, आणि हा बाबा प्यायच्या पिंपात कुऱ्हाड बुडवणार! "अहो, तिला काय गंगास्नान घालताय?" मी ओरडायचे. ते हसायचे. "फुगू दे गं जरा. तुझ्यासारखी."

पहिल्यांदा ते विसरले ती ही कुऱ्हाडच. पिंपात घातली आणि काढलीच नाही. पाणी तांबडं झालं तेव्हा मला कळलं. नेहमीसारखी भांडायला गेले तर म्हणाले, "मी नाय ठेवली." खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. पुढं दवाखान्यात सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, औषधानं थोडा रेंगाळेल, पण मागं फिरणार नाही.

मग एकेक गोष्ट जात गेली. औरंगपुऱ्यातनं घरी यायचा रस्ता गेला. लेकाचं लग्न गेलं. माझं नाव तर ह्यांनी कधी घेतलंच नव्हतं, त्यामुळं ते कधी गेलं मला कळलं पण नाही. राहिलं फक्त लाकूड फोडणं. सकाळी ओंडका समोर ठेवला की पाय किती अंतरावर रोवायचे, चीर कुठं आहे, घाव कुठं घालायचा, सगळं हात आपोआप करायचे. आणि तेवढा वेळ मी त्यांना ओळखू यायचे. "अगं ए, मागं सर, ढलपी उडंल!" बाकी दिवसभर मी कोण आहे, हे त्यांना ठाऊक नसायचं. त्या एका हाकेसाठी, घरात गॅस असताना, मी ओंडके आणवून घ्यायचे आणि अंघोळीचं पाणी चुलीवर तापवायचे.

लेक म्हणायचा, "आई, ती कुऱ्हाड भंगारात दे. एक दिवस काहीतरी होऊन बसंल." खरंच होतं त्याचं. पण कुऱ्हाड गेली तर मला हाक कोण मारणार? हे आईनं लेकाला कसं सांगायचं? एकदा त्यानं ह्यांच्यासमोरच विषय काढला आणि मी गप्प बसले. तर माझ्याकडं बघून म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" म्हण अशी लख्ख आठवली त्यांना. शिवी खाऊन एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नसेल.

थंडी सरत आली होती. पिंपात पाणी तळाला गेलेलं, त्यामुळं कुऱ्हाड बरेच दिवस भिजली नव्हती. मी अंगणात मेथी निवडत बसले होते. ह्यांनी घाव घालायला हात वर नेला आणि पातं दांड्यावरनं निसटलं. माझ्या कानाजवळनं गेलं आणि भिंतीवर आदळलं. गिलाव्याचा पोपडा माझ्या मांडीवर पडला. पलीकडनं शेजारच्या खालानं विचारलं, "क्या हुआ भाभी?" मी म्हटलं, "कुछ नहीं, बिल्ली थी." ह्यांना कुणी नावं ठेवलेली मला चालत नाहीत. ती मी ठेवायची.

ते रिकामा दांडा हातात धरून उभे होते. ही काठी आपल्याला कुणी दिली, असं बघत होते त्याच्याकडं. पुढं काय करायचं, ते हातांनाही आठवत नव्हतं.

मी दांडा काढून घेतला आणि चुलीत सारला. वाळलेली बाभूळ, भडकन पेटली. त्याच जाळावर त्यांचं पाणी तापवलं, पाठ चोळून अंघोळ घातली, धुतलेला सदरा चढवला. पातं ओट्यावर ठेवलं, भंगारवाल्याला द्यायला.

ते उन्हात ओट्यावर येऊन बसले. पातं उचललं, उलटंपालटं केलं, दांड्याच्या भोकातनं बोट फिरवलं. मग माझ्याकडं बघून, वखारीत गिऱ्हाइकाशी बोलायचे तसं अदबीनं म्हणाले,

"बाई, हिचे मालक कुठंयत?"

मी ओले हात पदराला पुसत राहिले.

"वारले का?"

"व्हय," मी म्हटलं. कसं निघालं तोंडातनं, देव जाणे.

त्यांनी पातं अलगद खाली ठेवलं. "लई वाईट झालं. माणूस कसा होता?"

"हट्टी होते. माझं एक ऐकायचे नाय. पण लई जीव होता माझ्यावर."

"मग रडून घ्या, बाई," ते म्हणाले. "मी हाय इथं."

आणि मला लाज वाटू नये म्हणून तोंड फिरवून बसले.