डॉटच्या पुढचं शेपूट

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि माझं लग्न ठरत होतं. मी जळगावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लासात नुकतंच इंटरनेट आलं होतं आणि मी स्वतःचा ईमेल काढून घेतला होता. ज्याला मेल पाठवावा असं ओळखीत कोणी नव्हतं, पण पत्त्यात माझं पूर्ण नाव होतं आणि ते पडद्यावर बघायला मला आवडायचं.

स्थळ धुळ्याचं. मुलगा मला पसंत होता. धास्ती होती ती नावाची. थोरल्या बहिणीच्या लग्नात मेव्हण्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं आणि जुनं तिथंच संपलं. पुढे तिनं सासरहून फोन केला. सासू शेजारी उभी, म्हणून बिचारीनं नवं नाव सांगितलं आणि मी राँग नंबर म्हणून फोन ठेवून दिला. ती त्या दिवशी खूप रडली म्हणे. माझं नाव मी कुणाला देणार नव्हते.

बैठक आमच्याकडे होती. होणारे सासरे निवृत्त हेडमास्तर. मध्यस्थ पारोळ्याचे आबा, म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते. पारोळा जळगाव-धुळ्याच्या मध्ये, त्यामुळे दोन्हीकडची लग्नं जमवण्याचा आणि मोडण्याचा मान त्यांचाच. मी चहा घेऊन गेले तर सासऱ्यांनी स्वयंपाकाचं सोडून भलतंच विचारलं. "कॉम्प्युटर शिकवतेस ना? मग सांग, इंटरनेटच्या पत्त्याला डॉट कॉम, डॉट ऑर्ग आहेतच. आता तसली नवी शेपटं काढायची, तर ती कोणी काढायची यावर भांडण चाललंय म्हणे. पेपरात आलंय."

मला कोण आनंद झाला! मी ट्रे खाली ठेवून सांगितलं. आजवर अमेरिकेतली मोजकी माणसं ठरवायची. आता कंपन्या म्हणतात आम्ही ठरवू, देशोदेशीची सरकारं म्हणतात आम्ही, आणि इंटरनेट ज्यांनी उभं केलं ते म्हणतात, तुम्ही दोघंही नको.

"म्हंजे मानपान!" आबा म्हणाले. त्यानंतर बैठकीत कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

वडिलांना लगेच सुचलं, डॉट खान्देश निघालं पाहिजे आणि ते जळगावच्या ताब्यात पाहिजे. केळी इथली, रेल्वेचं जंक्शन इथलं. हे ऐकल्यावर हेडमास्तरांची शुद्ध मराठी गळून पडली आणि घरची अहिराणी बाहेर आली. "बठ्ठा खान्देशना कारभार धुळाथाईन चाले! मंग शेपूटबी धुळालेच जोयजे."

मुहूर्त, कार्यालय, वाजंत्री सगळं बाजूला राहिलं. वडील लाल झाले, मामा बाह्या सरसावू लागले. जे शेपूट अजून उगवलंच नव्हतं, त्याच्यापायी माझं लग्न मोडायची वेळ आली. मुलगा शेव-मुरमुऱ्यातले शेंगदाणे वेचून खात होता.

शेवटी आबांनी हात वर केला. "जेनं नाव, तेनं ठरावानं. दुसरानी मधमा बोलानं नई." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तर आबांच्या पाया पडावंसं वाटलं.

सासरे शांत झाले, पुन्हा शुद्ध बोलू लागले. "बरं, मुलीचं नाव. आमच्या गुरुजींनी 'क' काढून दिलाय."

मी म्हणाले, "आबांनी आत्ताच निकाल दिला ना? ज्याचं नाव, त्यानं ठरवायचं."

सासरे हसले. "अगं, ते इंटरनेटचं झालं. हे घरचं आहे." मी आबांकडे पाहिलं. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, मोठास्ना मधमा बोलू नको." मुलानं एक शेंगदाणा तोंडात टाकला. मला इतका संताप आला की ट्रे उचलताना दोन कप फुटले. तो शकुन समजून सगळ्यांनी मुहूर्त काढला.

लग्न झालं. ताट आलं, तांदूळ आले, अंगठी फिरली. जगातल्या नव्या शेपटांचा वाद तेव्हाही चालूच होता.

पहिल्या आठवड्यात मी धुळ्याहून माहेरी फोन लावला. उचलला आबांनी, ते नेमके आमच्याकडे आले होते. शेजारी कुणी उभं नव्हतं. तरी मी मुद्दाम नवं नाव सांगितलं, आडनावासकट.

आबा म्हणाले, "या नावनी आमना घरमा कोनी नई," आणि त्यांनी फोन ठेवला.