आयचा आवाज

“हे नेसून ये. पटकन.”

आमच्या ऑफिसच्या मॅडमनं परिषदेच्या दारातच पिशवी माझ्या हातात कोंबली. आत हिरवं लुगडं, खोट्या मण्यांच्या माळा, केसांत खोवायला प्लास्टिकची फुलं. मी म्हणाले, मी कपडे घालूनच आले आहे. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पांढरा शर्ट, काळी पँट. पनवेलच्या बाजारातून मुद्दाम घेतलेले. आदल्या संध्याकाळी सुकापूरच्या खोलीवर दोनदा इस्त्री केलेले.

“ते ठीक आहे गं. पण ह्यात तू आदिवासी वाटत नाहीस.”

मग गळ्यात कार्ड अडकवलं. आमच्या ऑफिसातल्या बाकीच्यांच्या कार्डावर नाव होतं आणि नावाखाली ‘टीम’. माझ्या कार्डावर नाव नव्हतं. नुसतं ‘लाभार्थी’.

मी नेसले. खोटं कशाला सांगू? बाथरूममध्ये गेले, शर्टाची घडी घातली, नेसले. भांडायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं. माझं चौदा महिने वाड्या तुडवण्यात संपलं होतं.

मी कातकरी. शिरढोणच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी. जमीन नाही. माझं लहानपण वीटभट्ट्यांवर आणि आश्रमशाळेत गेलं. पुढं पनवेलला कॉलेज केलं. घरात पहिली, वाडीतही पहिली. कामोठ्यात एका ऑफिसात नोकरी लागली. कानाला हेडफोन लावायचा, माणसांची बोलणी ऐकायची, ऐकलेलं टाइप करायचं. त्यावरून यंत्र भाषा शिकतं.

एक दिवस ऑफिसचे मुख्य सर म्हणाले, कातकरी बोली समजणारं यंत्र करायचं. दवाखान्यात ठेवायचं. आपलं माणूस त्याच्या बोलीत बोलेल आणि डॉक्टरला पडद्यावर मराठीत दिसेल. मला त्या रात्री झोप लागली नाही. असं काही मागावं हेही कधी सुचलं नव्हतं.

वाड्यांवर मी गेले. आवाज मी आणले. शब्द मी लावले. यंत्र कुठं चुकतं त्याची यादीसुद्धा मीच केली.

आणि आता मी लाभार्थी.

तंत्रज्ञानाची एवढी मोठी परिषद मी पहिल्यांदाच बघत होते. मुंबईतलं सभागृह, गावची जत्रा मावेल एवढं. एसीनं हाडं गारठत होती. एका स्टॉलवर यंत्राचा हात लोकांना कॉफी देत होता. मला खरं तर सगळं बघायचं होतं. दोन-तीन ठिकाणी भाषांवरच बोलणं चाललं होतं, तिथं बसून काही विचारायचं होतं. पण लुगड्यातल्या बाईला कोण उत्तर देतंय? एकानं शेजारी उभं राहून फोटो काढला. मला विचारलं नाही. दुसऱ्यानं माझ्या हातात रिकामा कप दिला. मी तो कचऱ्याच्या डब्यात टाकून आले.

स्टेजवर जायच्या आधी सर म्हणाले, “तू फक्त हसत उभी राहा. बोलायचं मी बघतो.”

पुढं खच्चून माणसं. सर इंग्रजीत बोलले. आम्ही हे केलं, आम्ही ते केलं. मग म्हणाले, आता एका आदिवासी आईचा आवाज ऐका.

आणि माझी आय बोलायला लागली.

तो आवाज मी वेगळा ठेवला होता. हा वापरायचा नाही, असं त्यावर लिहिलंही होतं. आवाज साफ आहे म्हणून कुणीतरी उचलला असणार. ती काय बोलते आहे, हे तिथं माझ्याशिवाय कुणालाच कळत नव्हतं.

आय माझ्या धाकट्या बहिणीबद्दल बोलत होती.

मी सात वर्षांची होते. भट्टीवर बहिणीला ताप चढला. आय तिला घेऊन शहरातल्या दवाखान्यात आली, मी पदर धरून मागं. घाबरली की आयला मराठी सुचत नाही. ती आमच्या बोलीत बोलत राहिली. खिडकीतली बाई म्हणाली, “नीट मराठीत सांग, नाहीतर बाजूला हो.” आय बाजूला झाली. भिंतीला टेकून बसली. दुपार उलटली तेव्हा बहिणीनं तिच्या मांडीवर जीव सोडला होता.

मला मराठी येत होती. आश्रमशाळेत एक वर्ष झालं होतं. ताप आलाय, एवढं मला सांगता आलं असतं. त्या बाईकडे बघून माझी जीभ उचलली नाही. हे मी आयलाही कधी सांगितलं नाही.

सभागृहात आयचा आवाज त्या वाक्यावर आला. ती म्हणत होती, पोर गार पडलं.

पडद्यावर मराठीत उमटलं : बाळाला काहीतरी गार हवं आहे.

सूत्रसंचालक पोरगा माइकवर ओरडला, “ऑ, सो क्यूट! बाळाला आईस्क्रीम पाहिजे!”

सभागृह हसलं. सगळं. सरही हसले.

मला राग आला असं म्हणणं खोटं होईल. फक्त फार दमल्यासारखं झालं. वाटलं, इथंच खाली बसावं, आय बसली होती तसं. बसले असते, तर आणखी एकदा बाजूला झाले असते.

मी सूत्रसंचालकाच्या हातातून माइक घेतला.

“हसू नका,” मी मराठीत म्हणाले. “ही माझी आय आहे. ती सांगते आहे की तिचं पोर मेलं. तुमच्या यंत्राला कळलेलं नाही. ही चूक मी ऑफिसात लिहून दिली होती, तेव्हा कुणी वाचली नाही. मी लाभार्थी नाही. हे काम मी केलं आहे.”

माइक बंद झाला होता की मीच थांबले, आठवत नाही. कुणीतरी एकट्यानं टाळी वाजवली आणि लगेच थांबवली.

पडद्यामागं सर दबक्या आवाजात म्हणाले, “तुला इथवर कुणी आणलं, विसरलीस?”

“आवाज काढून टाका,” मी म्हणाले. “आयचा. सगळ्यांचे.”

“ते आता कंपनीचे आहेत. प्रत्येकाचा अंगठा आहे कागदावर. तूच घेतलास ना?”

मीच घेतले होते. कागद इंग्रजीत होता. मी वरवर वाचला. दवाखान्यासाठी आहे, असं सांगितलं आणि शाई पुढं केली. माणसांनी माझ्याकडे बघून अंगठे दिले, कागदाकडे बघून नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसचं दार माझ्या कार्डानं उघडलं नाही.

वाडीवर गेले. आय चुलीपुढं होती. सगळं सांगितलं. दवाखान्यात मी गप्प राहिले तेही सांगितलं. तिनं चुलीतली लाकडं आत सारली.

“तू पोर व्हतीस,” ती म्हणाली. मग विचारलं, “ते हसले?”

“हसले.”

“मंग माजा आवाज तितं नको.”

त्यानंतर मी नीट मराठीत कागद लिहिला. आमचे आवाज परत द्या, म्हणून. आता कामोठ्यात एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते आणि रविवारी वाड्यांवर जाते, जिथं जिथं आधी गेले होते तिथं. कागद आमच्या बोलीत मोठ्यानं वाचते. कुणी अंगठा देतं. कुणी म्हणतं, नको बाई आता कुठलाच कागद. एका म्हातारीनं विचारलं, मग दवाखान्यातलं यंत्र येणार नाही? मी म्हणाले, माहीत नाही. यंत्र पाहिजे. पण ते बरोबर बोलतं की चूक, हे ठरवायला आपलं माणूस बसलं पाहिजे. तोवर कंपनीला आपल्या बोलीतला एक शब्दही द्यायचा नाही.

कंपनीला दोन पत्रं गेली. उत्तर नाही. तिसरं वकिलाकडून जाईल.

मागच्या रविवारी एका म्हाताऱ्यानं कागद ऐकून घेतला आणि सरळ विचारलं, “म्हंजी तवा तू आमाला फसवलंस?”

“हो,” मी म्हणाले.

अजून बऱ्याच वाड्या राहिल्या आहेत. प्रत्येक दारात हा प्रश्न येणार. प्रत्येक दारात मी हो म्हणणार, आणि मग कागद वाचणार.