पास केलेलं काडतूस

माझे व्याही रावसाहेब यांनी उभा जन्म बंदुकीची काडतुसं तपासण्यात घालवला आणि सत्तरी आली तरी एकही गोळी सुटताना पाहिली नाही. हे त्यांनीच मला सांगितलं, पार दक्षिण गोलार्धात, पापाकुऱ्यात, सचिनच्या स्वयंपाकघरात, मी मटार सोलत असताना. सचिन त्यांचा मुलगा, माझी स्वप्ना त्याची बायको. २००६ साली आम्हा दोघांचे व्हिसे असे काही जुळले की व्याही आणि विहीण एकाच घरात, एकाच बाथरूमवर. ज्यांनी हे भोगलं आहे त्यांना जास्त सांगायला नको.

पुण्याजवळच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात ते इन्स्पेक्टर होते. समोरून काडतुसं सरकत जायची, यांनी भिंग लावून चीर, पोचा, डाग बघायचा आणि ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ म्हणायचं. चाचणीचा गोळीबार भिंतीपलीकडे, दुसऱ्या खात्यात. आवाज ऐकू येई, पण तिकडे जायला यांना मनाई. घरात सगळे सात्त्विक, माशाच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे. आणि हा माणूस दिवसभर माणसं मारायचं सामान पास करून संध्याकाळी वरणभात जेवायला घरी.

निवृत्त झाले तरी तपासणी सुटली नाही. चमचे उजेडात धरून बघायचे. दुकानातले बटाटे फिरवून फिरवून बघायचे, मागे रांग लागली तरी. माझ्या पोळ्या त्यांनी पहिल्याच आठवड्यात ‘पास, पण कडेला जाड’ असा शेरा मारून स्वीकारल्या. मी गणितात एम.ए. आहे, तीस वर्षं कॉलेजात शिकवलं. मला शेरे मारायची सवय आहे, घ्यायची नाही. पण मुलीचं घर म्हणून गप्प बसले.

शेजारी डेस राहायचा. मांस-कारखान्यातून निवृत्त झालेला, टकला, एका गुडघ्याने अधू, बाराही महिने हाफपँटीत. एकदा त्याच्या गॅरेजचं दार उघडं होतं आणि तो बंदूक पुसत बसला होता. रावसाहेब कुंपणाशी थबकले.

“थ्री नॉट थ्री!” ते ओरडले, जसा एखादा बोटीवर भेटलेल्या गाववाल्याला बघून ओरडेल.

खरंच तीच होती. आपल्याकडे हवालदाराच्या खांद्यावर असायची ती. तिकडे लष्कराने नकोशा झालेल्या रायफली विकून टाकल्या, तेव्हा हरणं आणि डुकरं मारायला लोकांनी त्या हौसेने घेतल्या. डेसने तर पुढचं लाकूडच कापून टाकलं होतं.

“सरकारी मालाला करवत लावली?” रावसाहेबांच्या आवाजात अंत्ययात्रा होती.

“जंगलात परेड नसते, मेट. वजन कमी केलं,” डेस म्हणाला आणि काडतुसांचा खोका पुढे सरकवला. तीही लष्कराची जुनी. ही काडतुसं नळीत मीठ सोडतात, म्हणून झाडल्यावर लगेच उकळतं पाणी ओतून नळी धुवावी लागते, नाहीतर गंजते, असं तो सांगत होता. रावसाहेबांचं लक्ष नव्हतं. त्यांनी एक काडतूस उलटं करून भिंगाखाली धरलं आणि रंगाच्या डब्यावर मटकन बसले.

“विहीणबाई,” मला कुंपणावरून हाक आली, “हा माझा माल आहे!”

बुडावर त्यांच्या कारखान्याची खूण होती, आणि त्यांच्याच नोकरीतलं एक साल. एवढा माल जन्मभर पास केला, त्यातलं एक तरी काडतूस कुठे लागलं का, हे या माणसाला माहीत नव्हतं. आता ते बघायचंच, हा ध्यास लागला. नोव्हेंबरात परतीचं विमान होतं. डेस म्हणाला, ऑक्टोबरात इथे वसंत असतो, कोवळं गवत खायला हरणं रानाच्या कडेला येतात, मी जाणारच आहे, नंतर गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तेव्हा फ्रीजर भरून ठेवायचा आहे. चल माझ्याबरोबर, राव. स्वीट अ‍ॅज, म्हणजे तिकडचं ‘झकास’.

सचिनने कपाळाला हात लावला. “बाबा, तुम्हाला रक्त बघवत नाही. सुईला घाबरता तुम्ही.”

“मी हरीण बघायला चाललोच नाहीये. काडतूस बघायला चाललोय.”

“आई,” स्वप्ना मला म्हणाली, “तू जा बरोबर. कुणीतरी शहाणं माणूस हवं.” म्हणजे माझा निकाल माझ्या गैरहजेरीतच लागला होता.

निघण्याच्या आधी खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी यंत्रांना तेलपाणी करून, हळदकुंकू वाहून पूजा व्हायची. तशी इथे रायफलची करायची असं यांनी ठरवलं. डेसची हरकत नव्हती. त्याने कुलपातून रायफल काढली, समोर बिअर घेऊन बसला आणि रावसाहेब दोन तास तिला तेल लावून पुसत होते. “वास छान आहे,” डेस म्हणाल्याचं मला नंतर कळलं. मी गेले तेव्हा सँडरिंगहॅमच्या देशी दुकानातून आणलेला नारळ फुटला होता, रायफलवर डेसच्या बागेतली पिवळी फुलं होती आणि डेस खोबरं चघळत उभा होता.

त्याच संध्याकाळी माझी खोबरेलाची बाटली सापडेना. मी ती गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवत असे, नाहीतर त्या हवेत ते तेल दगड होतं. मी स्वप्नाला बोलले. तिने ऐकून घेतलं, बिचारीने.

डेसच्या एका मित्राची लाकडी खोली तौपो गावाच्या पुढे डोंगरात होती. आदल्या दिवशी गाडीने तिथे गेलो आणि पहाटे रानाच्या कडेला जाऊन बसलो. गवतावर पांढरं दव गोठलं होतं. रावसाहेब कानटोपीत, मी स्वप्नाच्या गमबुटांत, डेस हाफपँटीतच. दोन थर्मास होते. एकात माझा आल्याचा चहा. दुसऱ्यात उकळतं पाणी, नळी धुण्यासाठी, त्याला हात लावायचा नाही अशी ताकीद.

उजाडलं आणि हरीण आलं. चांगलं थोराड. निवांत चरत आडवं उभं राहिलं. डेसने नेम धरला. रावसाहेबांनी श्वास रोखला, मीही रोखला, उगाच का खोटं बोला.

टक्.

एवढाच आवाज. हरणाने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि दोन उड्यांत रानात नाहीसं झालं.

डेस हलला नाही. काडतूस उशिराही उडू शकतं, म्हणून तो नळी समोरच रोखून बराच वेळ थांबला. मग काडतूस बाहेर काढलं. “राव,” तो म्हणाला, “तुमच्या फॅक्टरीत कुणीतरी डुलकी काढलेली दिसते.”

रावसाहेबांनी भिंग काढलं. काडतूस उलटं केलं. “काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर पिनची खूण उथळ आहे. पिन जोराने आपटलीच नाही.”

“माझी रायफल चाळीस वर्षं आपटतेय.” डेसचा आवाज जरा चढला. मग तोच नरमला. “जाऊ दे, मेट. जुनी दारू आहे. होतं असं.”

इतकी सोपी वाट कोण कुणाला काढून देतं? मान हलवली की रावसाहेब सुटले असते. हरीण गेलंच होतं, मैत्री राहिली असती. पण मी डेसच्या जवळच बसले होते आणि रायफलचा उघडा बोल्ट, म्हणजे पिन आत असलेली ती मागची दांडी, माझ्या नाकासमोर होती. वास ओळखीचा होता. रोज रात्री माझ्या वेणीला येतो तो. मी रावसाहेबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघेनात.

 पेपर त्यांचा होता, उत्तरही त्यांनीच लिहायचं.

“काडतूस पास आहे,” शेवटी ते म्हणाले. एकेक शब्द दात उपटल्यासारखा आला. “रिजेक्ट मी आहे. बोल्टमध्ये मी केसांचं तेल घातलं.”

“कसलं?”

“खोबरेल. पूजेला शुद्ध असावं म्हणून. कपाटातून काढलं तेव्हा पाण्यासारखं पातळ होतं.”

“रावसाहेब,” मला राहवेना, “जन्म पुण्यात गेला तुमचा. थंडीत बाटली उन्हात ठेवायची असते, हे सांगायला मी हवी होते?”

“बाटली घरात बायको बघायची,” ते पुटपुटले. भिंगाखालची चीर दिसते, घरातली बाटली दिसत नाही. सगळ्या पुरुषांची तीच गत.

डेसने रानाकडे पाहिलं. तिकडे त्याचा फ्रीजर पळून गेला होता. मग त्याने टक्कल खाजवलं. “केसांचं तेल,” तो म्हणाला. “मेट, ते रायफलला फुकट घालवलंस. इथे चोळायचं होतंस.” आणि हसायला लागला, खोकला येईपर्यंत.

मग ताकिदीचा थर्मास उघडला. बोल्टवर गरम पाणी ओतलं तसं आतून पांढरं, तुपासारखं तेल निथळलं. डेसने तो नीट पुसला आणि तेच काडतूस परत भरलं. घळीपलीकडे दरड होती, पिवळ्या मातीची. “घे, राव. तू झाड.”

“मी झाडली तर बघणार कोण?” रावसाहेब म्हणाले.

तेव्हा डेसने झाडली. माझे कान बधिर झाले. पलीकडची माती भसकन उडाली आणि ढेकळं घरंगळत खाली गेली. रावसाहेब कानटोपी काढून बघत राहिले. नंतर त्यांनी डोळे पुसले. धुराने, म्हणाले. धूर दुसऱ्या बाजूला चालला होता.

“पास,” ते हळूच म्हणाले.

आता नळी धुवायला पाणी उरलं नव्हतं. डेसची नजर माझ्या चहाकडे गेली. मी थर्मास मांडीवर घट्ट धरला. त्या रायफलमध्ये एका खेपेला जेवढा स्वयंपाक झाला तेवढा पुरे होता. खोलीवर जाऊन पाणी उकळलं आणि मगच ती धुतली.

घरी आलो तर सचिन दारातच. “बाबा, मिळालं का हरीण?”

“काडतूस उत्तम निघालं,” बाबा म्हणाले आणि आत गेले.

माझी बाटली त्यांनी टाकीच्या कपाटात जागच्या जागी ठेवली. मी पाठोपाठ गेले आणि वरच्याच फळीवरची छोटी कुपी काढून त्यांच्या हातात दिली. स्वप्नाच्या शिवणयंत्राचं तेल. त्यांनी ती उजेडात धरली, हलवली, पुन्हा हलवली.

“हे आधी सांगायचं नाही का, विहीणबाई?”

“विचारायचं होतं.”

जेवायला मी पोळ्या केल्या होत्या, घाईच्या. रावसाहेबांनी एक उचलली. कड बोटांनी चाचपली, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता खाल्ली.