बघूभाऊंचे नवे बूट

आता या माणसाचं काय करावं, तुम्हीच सांगा! इस्पितळाच्या तळघरात, चादरी धुण्याच्या खोलीला लागून याची खोली. करकरणारे पलंग, अडलेले सलाईनचे पंप, नवजात बाळांच्या काचेच्या पेट्या, सगळं याच्याकडे खाली येतं आणि नीट होऊन वर जातं. हात अगदी सोन्याचा. पण कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते. "बघू," एवढंच म्हणतो. नर्सबायांनी त्याचं नावच पाडलं, बघूभाऊ.

तर या बघूभाऊंना एक दिवस मेल आला. कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या कुणी बाई होत्या. यांनी ना अर्ज केला होता, ना चौकशी. ‘तुमचा अनुभव वाचून आनंद झाला, परगावी एका कारखान्यात चांगली जागा आहे, विचार कराल का?’ असले मेल लोक न वाचताच पुसतात. बघूभाऊंना वाटलं, एवढ्या आपुलकीने लिहिलंय, उत्तर न देणं म्हणजे दारात आलेल्याकडे पाठ फिरवणं. त्यांनी लिहिलं, ‘बघू.’

झालं! यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बाईंचा फोन आला, हे बोलले. मुलाखत ठरली, यांनी दोन मोडक्या पलंगांच्या मध्ये बसून ती दिली. कंपनीने जागा देऊ केली, यांनी लिहिलं, ‘आभारी आहे.’ बाईंनी बुटाचं माप मागितलं, तेही कळवलं. विचारलं तर सांगायला नको?

शनिवारी सकाळी दारात खोकं आलं. वहिनींनी, म्हणजे बघूभाऊंच्या बायकोने, ते उघडलं. आत पुढे लोखंड घातलेले जाडजूड कोरे बूट आणि वर चिठ्ठी, ‘सोमवारी आपलं स्वागत आहे.’

"अहो, हे काय?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

"इस्पितळात राजीनामा दिलात?"

"छे गं! मी कुठे चाललोय सोडून? त्या पेट्यांना दुसरं कोण हात लावणार?"

"मग सोमवारी तिकडे कोण जाणार? बूट एकटेच जाणार?"

वहिनी पोट धरून हसायला लागल्या. बघूभाऊंना मात्र घाम फुटला. इकडे आड, तिकडे विहीर. सोमवारी दोन्हीकडे हजर कसं राहायचं?

"गुडघा दुखतोय म्हणून कळवू?" त्यांनी हळूच विचारलं.

"म्हणजे तुमच्या थोरल्या काकांसारखं? आपल्या लग्नाला आले नाहीत ते गुडघा पुढे करून!" आणि बोलता बोलता वहिनींचं हसू थांबलं. "अहो, लग्नाचंही मीच विचारलं होतं. तेव्हाही तुम्ही ‘बघू’च म्हणालात. मग होता होता झालंच लग्न. तेही या बुटांसारखंच का हो?"

बघूभाऊ बुटाची नाडी सोडू-बांधू लागले.

"राहू दे. आधी त्या बाईंना लिहा," वहिनी म्हणाल्या. आवाज पार उतरला होता.

बघूभाऊंनी पानभर माफी लिहिली. वहिनींनी ती पुसायला लावली. "खरं असेल तेवढंच लिहा. लांबण नको, थाप नको, आणि बघू तर मुळीच नको." शेवटी एवढं उरलं: ‘मला ही नोकरी नको आहे. आहे तिथे मी सुखात आहे. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, चुकलो. बूट परत पाठवतो.’ डोळे घट्ट मिटून त्यांनी बटण दाबलं.

चहा निवायच्या आत उत्तर आलं. ‘कळवलंत, फार बरं झालं. लोक आयत्या वेळी फोनसुद्धा उचलत नाहीत. दुसरे एक गृहस्थ या जागेची वाट बघताहेत, त्यांना लगेच कळवते.’

हुश्श! ना राग, ना टोमणा. बघूभाऊंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. एवढ्याशासाठी आपण इतके दिवस जीव मुठीत धरून बसलो, याचं त्यांचं त्यांनाच हसू आलं. त्यांनी बूट खोक्यात भरले. वहिनी पाठमोऱ्या उभ्या राहून कपबशा विसळत होत्या. खोकं तसंच काखेत घेऊन ते त्यांच्यामागे जाऊन उभे राहिले.

"काकांचा गुडघा दुखत नव्हता."

"म्हणजे?"

"तू विचारलंस त्याच आठवड्यात त्यांनी मला परगावच्या त्यांच्या दुकानात न्यायचं ठरवलं होतं. लग्नाचं मागाहून बघू, म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांच्याच घरात, सगळ्यांसमोर. म्हणून ते लग्नाला आले नाहीत."

नळ तसाच वाहत राहिला. वहिनी वळल्या.

"तुम्ही? काकांना? नाही म्हणालात?"

"हो."

"अगंबाई! आणि मी मेली इतकी वर्षं, भेटतील तेव्हा त्यांच्या गुडघ्याची चौकशी करतेय!"

त्या हसल्या, पदराने डोळे टिपले, पुन्हा हसल्या. मग नळ बंद करून त्यांनी बघूभाऊंच्या काखेतलं खोकं घेतलं आणि चिकटपट्टी शोधायला गेल्या.