वरची पुली

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं जव्हारला सायकलच्या दुकानात पुली निवडत बसलो होतो. नवरा-बायकोनं एकत्र केलेलं आमचं शेवटचं काम ते.

सायकल गिअरची. मुलगा ठाण्याला कामाला आहे, तिथल्या एका बिल्डिंगवाल्यांनी टाकून दिली ती त्यानं आणली. आमच्या साखरशेतच्या बाजूला तेव्हा कोणाकडं अशी नव्हती. मी मागं लोखंडी कॅरिअर वेल्डिंग करून घेतलं, त्यावर गोणपाटाची घडी बांधली. ती म्हातारीची जागा. सुकट, बोंबील घेऊन पाड्यापाड्यावर विकायला जायचो. मी चालवायचो, ती मागून बोलायची.

या सायकलला मागच्या चाकाच्या आसाखाली एक हात लोंबतो. त्यात दोन छोट्या दातेरी चकत्या असतात, एक वर, एक खाली, साखळी त्यांना वळसा घालून जाते. दुकानदार त्यांना पुली म्हणतो. आमच्या पुल्यांचे दात झिजून काट्यासारखे झाले होते. सपाटीला चालायचं. दोन माणसांचं वजन घेऊन चढाला लागलं की साखळी उडायची, मग म्हातारीला उतरावं लागायचं. तिच्या गुडघ्यात काही राहिलं नव्हतं.

आणि तिला चढावर जायचं होतं. मोखाड्याच्या बाजूला, चढ संपतो तिथं तिचं माहेर. भाऊ तिथंच असतो. त्याच्या पोरीच्या लग्नात मला मटण वाढलं त्यात नुसती हाडं. मी ताट उपडं केलं. तो म्हणाला, परत माझ्या दारात आलास तर पाय मोडीन. तेव्हापासून मी गेलो नाही आणि तिलाही नेलं नाही. मला त्याचं आजही काही वाटत नाही. हाडं होती ती हाडंच होती. पण त्या वर्षी तिनं हट्टच धरला. म्हणाली, "गिअर कर. भावाला बघायचाय. तू दारात नको येऊ, बांधावर बस कुत्र्यासारखा."

दुकानदारानं डबा उलटा केला. काळ्या प्लास्टिकच्या, लोखंडाच्या, लहान-मोठ्या पुल्या गोणीवर पसरल्या. त्यानं आमच्या जुन्या खोलून बाजूला टाकल्या होत्या. म्हातारी खाली बसली. जुनी पुली नव्यावर ठेवायची, दाताला दात लावून बघायची, जुळत नसेल ती फेकायची. आम्हाला दोघांनाही नंबर वाचता येत नाही, असंच जुळवायचं.

दुकानदार म्हणाला, "आजी, नवरा निवडताना एवढा वेळ घेतला होता काय?"

"घेतला असता तर ह्यो मिळाला असता काय?" ती म्हणाली.

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो.

दोन जोड जुळले. एका जोडातली वरची पुली धरून हलवली की डावीउजवीकडं जरा सरकायची. दुसऱ्या जोडातल्या दोन्ही घट्ट, केसाइतक्या हलत नव्हत्या. मी घट्ट उचलल्या. आमच्याकडं जे हलतं ते गेलं. गाडीचं चाक आसावर हललं की गेलं, जात्याचा खुंटा हलला की गेला, दात हलला की गेला. नवा माल हलतो म्हणजे पहिल्याच दिवशी मेलेला.

"वरची जुनी पण हलायची," ती म्हणाली. "मी मागं बसून रोज बघते. साखळी बाजूला सरकली की ती पण सरकते. म्हणून गिअर पडतो."

"जुनी हलायची, ती झिजली म्हणून."

"पोरानं आणली तेव्हा पण हलायची."

"तुला काय कळतं गं? बोंबील हाय काय तो, वास घेऊन सांगशील?"

तिनं दुकानदाराकडं बघितलं. त्याचं दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. तो म्हणाला, "लवकर ठरवा, दोन्ही विकायलाच ठेवल्यात." मी घट्ट बसवून घेतल्या.

दुकानातून निघालो तसा आवाज सुरू झाला. कर्र कर्र कर्र. मागच्या चाकाच्या आसावर लहान-मोठ्या चकत्यांची चळत असते, त्यातल्या चढाला लागणाऱ्या मोठ्या चकतीवर साखळी चढेना. चढली तर बसेना, शेजारच्या चकतीला घासत राहायची.

मागून ती म्हणाली, "ऐक. तुझी निवड बोलते."

"नवी हाय. बसंल दोन दिवसांत."

"तू चाळीस वर्षांत बसला नाय, ती दोन दिवसांत बसंल!"

आमच्या पाड्याच्या आधी एक बारका चढ आहे. तिथं ती आपणच उतरली आणि मागून ढकलायला लागली. ढकलता ढकलता हसत होती. गुडघे गेले तरी हातांत जोर होता तिच्या अजून. दोन हात कॅरिअरला लावले की मला पायडल मारायची गरज राहायची नाही.

उन्हं उतरायच्या आत ती गेली. अंगणात नाचणी वाळत घातली होती, ती गोळा करायला बसली. बसली ती बसलीच. सूप मांडीवर होतं. मी दोनदा म्हणालो, पाणी दे. मग उठून गेलो तेव्हा कळलं.

पाड्यातल्या बायकांनी तिला आत घेतलं. पदराची गाठ सोडली तर त्यात तंबाखू आणि एक काळी चकती. आमची जुनी वरची पुली. दुकानदारानं फेकलेली तिनं कधी उचलली मला दिसलं नाही. शेजारीण माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "हे काय रं?" मला माहीत होतं ते काय. सकाळी ती माझ्या नाकासमोर धरून हलवून दाखवणार होती. मरतानाही भांडण गाठीला बांधून मेली.

आता माहेरच्या लुगड्याचा प्रश्न आला. आमच्यात बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. आलंच नाही तर नवऱ्याच्या घरच्या कपड्यावर नेतात, आणि लोक म्हणतात, हिला कोणी नव्हतं. मेल्याचा सांगावा तोंडानं द्यायचा असतो, आणि चढावर फोनही लागत नाही. पाड्यातली मोटारसायकल सकाळी मुलाला आणायला डेपोत जाणार होती. आणि त्या भावाच्या दारात जायला कोणी तयार होईना. एक जण म्हणाला, "तू ताट उपडं केलंस, तूच सरळ कर." नवऱ्यानं जायची रीत नाही. तरी मीच जाणार असं ठरलं.

सकाळी उजाडल्यावर निघालो. कर्र कर्र. मोठ्या चढाच्या पायथ्याशी साखळी निघाली. लावली, परत निघाली. मग रस्त्याच्या कडेला सायकल उलटी केली, पाना काढला, वरची नवी घट्ट पुली काढली आणि तिच्या गाठीतली बसवली. दात काट्यासारखे, डावीउजवीकडं हलणारी. पायडल हातानं फिरवलं. साखळी सरकली, पुली तिच्याबरोबर सरकली, मोठ्या चकतीवर जाऊन बसली. आवाज बंद. तिथं रस्त्यावर कोणी नव्हतं. असतं तरी मी सांगितलं नसतं.

चढ एका दमात चढलो. झिजलेल्या दातावरून साखळी एकदाही उडाली नाही, कारण मागं वजन नव्हतं.

मेहुणा दारात दात घासत होता. मला बघून त्यानं चूळ टाकली.

"कोण मेलं?"

"तुझी बहीण."

"आणि तू आलास चालत."

"सायकलवर."

त्यानं माझ्या पायांकडं बघितलं. मग म्हणाला, "आज घरात हाड पण नाय, दाजी. उपाशीच जावं लागंल."

मी बांधावर जाऊन बसलो. तिनं सांगितलं होतं तिथं. आत बायका रडल्याचा आवाज आला, मग पेटी उघडल्याचा. मेहुणा बाहेर आला तेव्हा काखेत हिरवं लुगडं होतं, घडी न मोडलेलं. मला वाटलं देईल आणि दार लावेल. त्यानं दिलं नाही. कॅरिअरवरच्या गोणपाटाला हात लावला.

"हितं बसायची?"

"हां."

"कवा आणली नाय तिला," तो म्हणाला, आणि बसला.

उतारभर मी ब्रेक धरून होतो. आमच्या पाड्याच्या आधीच्या बारक्या चढावर दोघांच्या वजनानं साखळी उडाली. तो न सांगता उतरला. लुगडं खांद्यावर टाकलं, दोन हात कॅरिअरला लावले आणि ढकलायला लागला. मी पायडल मारत राहिलो. मारावं लागत होतं. त्याचा जोर तिच्यापेक्षा कमी होता.